जगदीशचंद्र एका ओळीत मावत नाहीत

चौथी-पाचवीतील कोणत्याही मुलाला विजेचा दिवा कोणी शोधला असे विचारावे. एडिसनचे नाव क्षणात येते. वाफेचे इंजिन म्हटले की जेम्स वॅट आणि त्याची किटली, रेडिओ म्हटले की मार्कोनी. मग जगदीशचंद्र बोस यांचे नाव घ्यावे. मूल क्षणभर थांबते आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील पाठ केलेली ओळ म्हणून दाखवते : वनस्पतींना जीव असतो हे त्यांनी शोधून काढले. पुढे काही नाही. एडिसनच्या वाट्याला गोष्ट येते, प्रयोगशाळा येते, अपयशावर मात करणारी चिकाटी येते. जगदीशचंद्रांच्या वाट्याला येते ती परीक्षेत एक गुण मिळवून देणारी एक ओळ.

ही ओळ नुसती अपुरी नाही, ती चुकीचीही आहे. वनस्पतींना जीव असतो हे समजण्यासाठी या देशाला 1900 सालापर्यंत थांबावे लागले नव्हते. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये असे सांगणाऱ्या आजीला ते ठाऊक होते, पेरणीआधी बियाणे निवडणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होते आणि युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. जे सर्वांना ठाऊक होते ते एखाद्याने ‘शोधले’ असे सांगणे हा त्याचा गौरव नव्हे. बोसांनी केले ते याहून फार मोठे होते. उष्णता, थंडी, विष, विजेचा झटका यांना वनस्पती देत असलेला प्रतिसाद त्यांनी मोजला. सर्वसामान्य वनस्पतींतही तो विद्युत स्वरूपात प्रकट होतो हे त्यांनी स्वतः घडवलेल्या उपकरणांनी, आलेख काढून दाखवले. श्रद्धा आणि अनुभव यांच्या प्रांतातील गोष्ट त्यांनी मोजमापाच्या प्रांतात आणली. हे मुलाला सांगितले जात नाही. आणि मुलाला सांगितले जात नाही याचे मुख्य कारण, ते पुष्कळदा सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते.

आत्मविस्मृतीची पाळेमुळे

1835 साली मेकॉलेने आपल्या टिपणात रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने व बुद्धीने इंग्रज असा वर्ग घडवण्याचा हेतू मांडला. त्या टिपणावर या पृष्ठांसारख्या अनेक पृष्ठांतून लिहून झाले आहे. पुनरुक्तीची गरज नाही. परंतु त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. तो असा की, ज्ञान हे बाहेरून येते, तयार होऊन येते आणि आपण ते वापरायचे असते, अशी एक समजूत मुलाच्या मनात अक्षरओळखीबरोबरच रुजते. शोधणारा कोणी दुसरा, वापरणारे आपण. स्वातंत्र्यानंतरच्या अनेक दशकांत, स्वत्वाचा उच्चार झाला की ज्यांच्या कपाळाला आठी पडते त्या तथाकथित पुरोगामी मंडळींच्या प्रभावाखाली अभ्यासक्रम घडत गेले, आणि ही समजूत उपटून टाकण्याचा नेटाने प्रयत्न झाला नाही. एखाद्या भारतीय शास्त्रज्ञाचा धडा घातला की कर्तव्य संपले, अशीच वृत्ती राहिली.

गंमत अशी की, परदेशी संशोधकांचे जे शिक्षण मुलांना दिले जाते तेही खरे शिक्षण नव्हे. किटलीचे झाकण उडताना पाहून वॅटला इंजिन सुचले ही दंतकथा. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन 1712 पासून इंग्लंडच्या खाणींतून पाणी उपसत होते. वॅटचा जन्म 1736 चा. वॅटने त्या इंजिनातील उष्णतेची उधळपट्टी ओळखली, वाफ थंड करण्याचे पात्र वेगळे काढले आणि 1769 साली त्याचे पेटंट मिळवले. एडिसनच्या आधी इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान दिव्यावर काम करत होता. म्हणजे शोध हा दैवी चमत्कार नसून आधीच्या कामातील उणीव हेरून तिच्यावर वर्षानुवर्षे केलेली मेहनत असते. हे न सांगता मुलांपुढे किटली ठेवली, की शोध लावणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, हाच संस्कार पक्का होतो.

चोवीस चौरस फुटांतील तपश्चर्या

याउलट जगदीशचंद्रांची खरी कथा पाहावी. जन्म 30 नोव्हेंबर 1858, मैमनसिंग. वडील भगवानचंद्र ब्रिटिश सरकारच्या सेवेत अधिकारी. त्या काळी अशा घरातील मूल इंग्रजी शाळेत जाणे हेच प्रतिष्ठेचे. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. आधी मातृभाषा यावी आणि आपली माणसे कळावीत, मग इंग्रजी, असा त्यांचा आग्रह. त्या पाठशाळेत वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा एका बाजूला व कोळ्याचा मुलगा दुसऱ्या बाजूला बसत असे, आणि त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकतानाच निसर्गाचे वेड लागले, असे जगदीशचंद्रांनी पुढे 1915 साली एका भाषणात सांगितले. घरी आल्यावर आई या सर्व मुलांना भेदभाव न करता खाऊ घालत असे. रामायण-महाभारताच्या कथा याच वयातल्या. त्यांतला त्यांचा आवडता नायक होता कर्ण. प्रतिष्ठेसाठी तीन वर्षांच्या बालकाला इंग्रजी शाळेच्या रांगेत उभे करणाऱ्या मराठी पालकाने ही हकीकत शांतपणे वाचावी. जगाच्या विज्ञानसभा गाजवणाऱ्या माणसाचा पाया मातृभाषेच्या पाठशाळेत घातला गेला होता. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले; भगवानचंद्रांनी ते दीडशे वर्षांपूर्वी घरात करून दाखवले होते.

कलकत्त्यात फादर लाफों यांच्यासारखे शिक्षक आणि केंब्रिजमध्ये लॉर्ड रॅले यांचे मार्गदर्शन लाभून 1885 साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश वेतन, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याहूनही कमी. जगदीशचंद्रांनी वाद घातला नाही, राजीनामाही दिला नाही. त्यांनी वेतन घेण्याचे नाकारले आणि तीन वर्षे पूर्ण निष्ठेने शिकवले. घरावर कर्ज असताना शिकवले. अखेर सरकार नमले. मागील वेतनासह पूर्ण वेतन मिळाले आणि त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले. सत्याग्रह हा शब्द अजून जन्मायचा होता. आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ती एकदा सांगून पाहावी. अन्याय आणि स्वाभिमान मुलांना मोठ्यांहून लवकर कळतात.

प्रयोगशाळा नव्हती. मिळाली ती चोवीस चौरस फुटांची एक खोली. साहाय्यक होता पत्र्याचे काम करणारा एक साधा कारागीर. या सामग्रीवर, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी संशोधनाला वाहून घेण्याचा संकल्प करून, जगदीशचंद्रांनी वर्षभरात पाच मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. हर्ट्झच्या लहरींहून त्या कितीतरी आखूड होत्या. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी अशा अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले, तेव्हा त्यांच्या साहित्यात रेल्वेचे एक जाडजूड वेळापत्रकही होते! पुस्तकाच्या पानांच्या थरांतून या लहरी विशिष्ट दिशेनेच पार होतात हे त्यांनी ओळखले होते. पानांमध्ये कथिलाचा पातळ पत्रा घातला की तो गुण अधिकच वाढतो. पुढे पिळलेल्या तागाच्या पेंड्याही त्यांनी याच कामी लावल्या. ताग, वेळापत्रक, पत्रा : महागड्या उपकरणांवाचून विज्ञान होत नाही असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

मार्कोनीला चोर ठरवण्याची गरज नाही

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अभिमानाच्या भरात ‘मार्कोनीने बोसांचा शोध चोरला’ असे सर्रास सांगितले जाते. तसे सांगू नये. बिनतारी संदेश समुद्रापार नेण्याची यंत्रणा मार्कोनीने उभी केली, आणि 1909 चे नोबेल त्याला ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासमवेत मिळाले. जगदीशचंद्रांना तारायंत्राचा व्यवसाय करायचाच नव्हता. त्यांना लहरींचे स्वरूप समजून घ्यायचे होते. परंतु लोखंड व पारा वापरून केलेल्या ज्या प्रकारच्या ग्राहकाने 1901 च्या डिसेंबरात अटलांटिकपलीकडून आलेला संकेत टिपला, तशा ग्राहकाचे वर्णन जगदीशचंद्रांनी 1899 सालीच रॉयल सोसायटीपुढे केले होते. त्याचे मूळ बोसांच्या कामात आहे, अशी मांडणी 1998 साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात साधार झाली. एवढे सत्य पुरेसे आहे. त्याला फोडणी दिली की ते खमंग होत नाही, नासते.

त्यांचे दुसरे काम तर याहूनही दूरगामी. गॅलेना या स्फटिकाचा लहरींच्या ग्राहकासाठी त्यांनी केलेला उपयोग 1904 साली अमेरिकी पेटंट क्रमांक 755840 म्हणून नोंदला गेला. अर्धसंवाहक साधनावरचे जगातील पहिले पेटंट म्हणून ते ओळखले जाते. पेटंट घेण्याची जगदीशचंद्रांची इच्छा नव्हती. ज्ञान विकायचे नसते अशी त्यांची धारणा. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे ते घेतले गेले, आणि त्याचा आर्थिक लाभ त्यांनी कधीच घेतला नाही. ही निःस्पृहता वंदनीयच. तथापि मुलांना ती सांगताना तिची दुसरी बाजूही सांगावी. 1995 साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन ग्रंथांचे व छापील नोंदींचे पुरावे देऊन लढत दिली आणि 1997 साली ते रद्द करवले. ऋषीची निःस्पृहता व्यक्तीला शोभते. राष्ट्राला मात्र आपल्या ज्ञानाची राखण करावीच लागते. ती राखण भाषणांनी झाली नाही, कागदोपत्री पुराव्यांनी झाली, हेही विसरू नये.

आपल्या अंगणातील केर

दोष केवळ मेकॉलेच्या आणि पुरोगाम्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु स्वाभिमानाचा ध्वज खांद्यावर घेणाऱ्यांच्या घरातही काही वेगळे घडत नाही. तेथे मुलाला जगदीशचंद्रांच्या प्रयोगाऐवजी विमानांच्या कथा सांगितल्या जातात. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडवले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. तळपदे विद्वान होते, खटपटी होते, त्यांच्या जिद्दीबद्दल आदर असावा. पण त्या उड्डाणाचा समकालीन, तपासता येईल असा पुरावा हाती नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 1974 साली केला. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे संशोधक परकीय नव्हते, मेकॉलेचे मानसपुत्रही नव्हते. आपल्याच देशातील, आपल्याच मातीतील अभियंते होते.

एकाच वर्षी, 1895 मध्ये, या देशात एक घटना शेकडो लोकांसमक्ष घडली आणि तिच्यामागचे काम जगाच्या विज्ञानसंस्थांनी तपासून मान्य केले. दुसरी घडली की नाही हे सांगता येत नाही. असे असता, पहिली सोडून दुसरीच मुलांना का सांगावी? याचे उत्तर कटू आहे. दुसऱ्या गोष्टीत काही करावे लागत नाही. सर्व काही पूर्वजांनी करून ठेवले आहे असे मानले की आळसालाही अभिमानाची वस्त्रे मिळतात. ‘सगळे तिकडूनच आले’ असे मानणारे मूल आणि ‘सगळे इकडेच होते’ असे मानणारे मूल, दोघेही शेवटी हातांची घडी घालून बसतात. शिवाय दुसरे मूल महाविद्यालयात गेल्यावर एखाद्या चाणाक्ष सहाध्यायाच्या पहिल्या प्रश्नाला निरुत्तर होते, आणि मग केवळ विमानावरचा नव्हे, ऋषींवरचाही त्याचा विश्वास उडतो. ही हानी कोणत्याही विरोधकाने केलेली नसते. ती घरच्यांनी केलेली असते.

जगदीशचंद्रांचा मार्ग निराळा होता. 10 मे 1901 रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सजीव आणि धातू यांच्या प्रतिसादांचे आलेख एकापुढे एक मांडले. थकवा, उत्तेजना, विषाचा परिणाम; सर्व आलेख. आणि अगदी शेवटी ते म्हणाले की, ही एकता डोळ्यांनी पाहिली तेव्हा तीस शतकांपूर्वी गंगेच्या तीरावर आपल्या पूर्वजांनी केलेल्या घोषणेचा अर्थ थोडासा उमगला. क्रम लक्षात घ्यावा. आधी आलेख, मग ऋषी. प्रयोगाच्या जागी त्यांनी उपनिषद ठेवले नाही. प्रयोग पुरा करून मग ते उपनिषदापाशी नतमस्तक झाले. म्हणूनच लंडनच्या सभेला ते ऐकावे लागले.

विरोधही झाला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीत बर्डन-सँडरसन यांच्यासारख्या ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञाने त्यांच्या निष्कर्षांना हरकत घेतली आणि निबंधाचे प्रकाशन अडले. जगदीशचंद्रांनी शब्द बदलले नाहीत. पुढल्या वर्षी लिनियन सोसायटीपुढे प्रयोग करून दाखवले आणि स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतींना प्राण्यांसारखी मज्जासंस्था असते, या त्यांच्या मतावर पुढेही वाद राहिला आणि ते जसेच्या तसे स्वीकारले गेलेले नाही. वनस्पतींत विद्युत संकेत वाहतात हे मात्र आज विज्ञान मान्य करते. हेही मुलांना सांगावे. मोठा माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर असलाच पाहिजे असा हट्ट भक्तीत चालतो, विज्ञानात नाही. आणि त्याने जगदीशचंद्रांची उंची तसूभरही कमी होत नाही.

काय शिकवावे, कसे शिकवावे

सहा-सात वर्षांच्या मुलाला गोष्ट हवी असते. पाठशाळेतील मित्र, वेतन नाकारणारा मास्तर, भिंतीपलीकडे आपोआप वाजणारी घंटा, एवढे पुरे. 1896 साली जगदीशचंद्रांनी केसांच्या तेलाच्या एका स्पर्धेसाठी बंगालीत विज्ञानकथा लिहिली, तिच्यात डोक्याला लावायच्या तेलाच्या बाटलीने समुद्रावरचे वादळ शमते. ही कथा ऐकून हसणार नाही असे मूल विरळा.

आठ ते दहा वयाच्या मुलाच्या हाती लाजाळूचे रोप द्यावे. स्पर्श केल्यावर पाने किती वेळात मिटतात, पुन्हा उघडायला किती मिनिटे लागतात, सकाळी आणि भर दुपारी फरक पडतो का, लागोपाठ दहा वेळा स्पर्श केला तर काय होते, हे घड्याळ लावून वहीत लिहायला सांगावे. उत्तर आधी सांगू नये. मोड आलेल्या मुगाचा कोंब रोज पट्टीने मोजावा आणि चौकटीच्या कागदावर त्याची रेघ काढावी. मग क्रेस्कोग्राफची गोष्ट सांगावी : वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारे यंत्र. दिवसाला एक सेंटिमीटर वाढणारा कोंब या यंत्रातून दर सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित अधिक सरकताना दिसेल. हा गुणाकार मुलाने स्वतः करावा. ज्या दिवशी तो गुणाकार जुळेल त्या दिवशी जगदीशचंद्र त्याच्या घरातले होतील.

दहा वर्षांपुढील मुलाला वारसा दाखवावा. विमानतळावर अंगावरील वस्तू शोधणारी तपासणी-यंत्रे, मोटारींतील टक्कर टाळणारी रडार, पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेतील काही पट्टे ज्या मिलिमीटर लहरींवर चालतात, त्या चोवीस चौरस फुटांच्या खोलीत हाताळल्या गेल्या होत्या. 2012 साली अमेरिकेतील त्याच विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्या प्रयोगांना इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. चंद्राच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. ज्या इंग्लंडने त्यांना वेतनात कमी लेखले, त्याच इंग्लंडच्या बँकेने 2018 साली पन्नास पौंडांच्या नोटेवरील शास्त्रज्ञासाठी सूचना मागवल्या, तेव्हा सुचवलेल्या नावांत जगदीशचंद्रांचेही नाव होते. जग त्यांना विसरलेले नाही. प्रश्न जगाचा नाहीच.

मंदिर आणि वज्र

30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था राष्ट्राला अर्पण केली. तिला त्यांनी केवळ प्रयोगशाळा म्हटले नाही, मंदिर म्हटले : बसू विज्ञान मंदिर. बोधचिन्ह निवडले वज्राचे. भगिनी निवेदितांना अतिशय प्रिय असलेले हे चिन्ह. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्यांतून घडलेले. संस्था उभी राहिली तेव्हा निवेदितांना जाऊन सहा वर्षे झाली होती. हाती दीप घेतलेल्या स्त्रीची शिल्पाकृती तेथे त्यांची आठवण जागवते. या शास्त्रज्ञाच्या यशाचा अभिमान 1900 साली पॅरिसमध्ये प्रत्यक्ष अनुभवलेले स्वामी विवेकानंद, त्याला धीर देणारे रवींद्रनाथ, त्याच्या कामासाठी धन देणारे त्रिपुराचे महाराज, त्याचे ग्रंथ नीटनेटके करण्यासाठी रात्री जागवणाऱ्या निवेदिता. एका शास्त्रज्ञामागे एक समाज असा उभा राहिला होता.

आज तसा समाज उभा करायचा असेल तर आरंभ घरापासून करावा लागेल. शाखांतून, संस्कारवर्गांतून, वसाहतींतील बालमेळाव्यांतून दरवर्षी 30 नोव्हेंबर हा दिवस साजरा व्हावा. पण हार, प्रतिमा आणि भाषण यांवर तो संपू नये. प्रत्येक मुलाने त्या दिवशी स्वतः मोजलेले काहीतरी घेऊन यावे. एका वहीत एका रोपाच्या एका महिन्याच्या नोंदी, एवढेही पुरेसे आहे. ज्या घरात अशी एक वही असेल, त्या घरातील मुलाला जगदीशचंद्र कोण होते हे विचारल्यावर ते एक ओळ म्हणून थांबणार नाही. ते वही उघडून दाखवील.